घडीचे टेबल मधोमध का बसते

ताई, आपला प्रश्न मला समजला तो असा. आपण फिजिओथेरपिस्ट असून रुग्णांच्या घरी जाऊन उपचार करता आणि त्यासाठी ओळखीच्या सुताराकडून १२ मिलिमीटर प्लायचे, मधोमध बिजागऱ्या असलेले घडीचे टेबल करून घेतलेत. ते आता मध्यभागी बसू लागले आहे, म्हणजे खाली झुकू लागले आहे, बिजागरीचे स्क्रू उखडले आहेत, आणि सुतार १८ मिलिमीटर प्लाय व दुप्पट जाड बिजागऱ्या सुचवतो आहे. १३० किलोपर्यंतचा रुग्ण निर्धास्तपणे झोपू शकेल आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीत आपल्याला एकटीने वर नेता येईल, असे टेबल शक्य आहे का, असे आपण विचारले आहे.

ते शक्य आहे, पण सुताराचा सल्ला मानू नये असे माझे स्पष्ट मत आहे. १८५ सेंटिमीटर लांब आणि ७० सेंटिमीटर रुंद टेबलाचे क्षेत्रफळ १.३ चौरस मीटर होते, आणि तेवढ्या १८ मिलिमीटर प्लायचेच वजन १५ किलोच्या आसपास भरते. फ्रेम, पाय, फोम आणि रेक्झिन त्यावर वेगळे. एवढे ओझे जिन्याने चढवूनही मूळ दुखणे तसेच राहील, कारण ते प्लायमध्ये नाहीच. टेबलावर पडलेला भार जमिनीपर्यंत कोणत्या वाटेने जातो, हे ठरवल्याशिवाय टेबल बांधले गेले, एवढाच त्याचा दोष आहे.

घडी घालताना पाय आत दुमडतात आणि दोन्ही भागांच्या खालच्या बाजू एकमेकींवर येतात. त्यामुळे बिजागरी फ्रेमच्या खालच्या कडेला बसवावी लागते. टेबल उघडले की दोन्ही भागांच्या मधल्या आडव्या पट्ट्या समोरासमोर भिडतात. रुग्ण मध्यभागी बसला की या पट्ट्यांच्या वरच्या कडा एकमेकींना दाबतात आणि खालची बिजागरी ताणली जाते. आता हिशेब पाहा. दोन्ही टोकांच्या पायांमधले अंतर दीड मीटर धरले आणि १०० किलोचा माणूस बरोबर मध्यावर बसला, तर त्या ठिकाणी अर्धा भार ५० किलो गुणिले अर्धे अंतर ०.७५ मीटर, म्हणजे साडेसदतीस (किलो गुणिले मीटर) एवढा वाकवणारा जोर येतो. आपल्या टेबलात प्लायच्या वरच्या पृष्ठभागापासून बिजागरीपर्यंत फार तर ६ सेंटिमीटर अंतर असेल. साडेसदतीसला ०.०६ ने भागले की बिजागऱ्यांवर येणारा ताण मिळतो, सुमारे ६२५ किलो. माणूस १०० किलोचा आणि ताण त्याच्या सहापट. हा ताण सोसायला आहेत ते पट्टीच्या कडेपासून जेमतेम ९ मिलिमीटर आत शिरलेले बारीक स्क्रू. आपली बिजागरी सोडवून पाहिलीत तर भोके गोल न राहता मधल्या सांध्याच्या दिशेने लांबट झालेली आणि आत लाकडाचा भुगा साचलेला दिसेल. जाड बिजागरी लावली तरी भोके त्याच लाकडात पडणार.

उपाय आहे तो हे अंतर वाढवण्याचा. कौलारू घराच्या कैचीत दोन तिरके वासे वर एकमेकांना टेकतात आणि खालची आडवी तुळई त्यांना फाकू देत नाही. घडीच्या टेबलातही नेमके तेच करायचे असते. प्रत्येक पायाला आतल्या बाजूने एक तिरका टेकू देऊन तो टेबलाच्या फ्रेमशी जोडावा, म्हणजे अर्धे टेबल आणि त्याचे पाय मिळून एक ताठ काटकोन तयार होतो. असे दोन काटकोन मध्यभागी भिडले की वरून भार पडताच पायांची टोके बाहेर सरकू पाहतात. त्यांना रोखण्यासाठी डावीकडच्या पायापासून उजवीकडच्या पायापर्यंत, टेबलाच्या दोन्ही लांब बाजूंना एकेक पोलादी वायर रोप बांधावा. हा दोर पृष्ठभागाखाली ३५ सेंटिमीटरवर असेल, तर साडेसदतीस भागिले ०.३५, म्हणजे सुमारे १०७ किलो ताण येतो, आणि तोही दोन दोरांत वाटला जातो. तीच माणसे, तेच लाकूड, आणि ताण सहाव्या हिश्शावर. शिवाय दोर लवचीक असल्यामुळे घडी घालताना आपोआप सैल पडून आत जातो. चांगल्या तयार टेबलांत खाली लोखंडी कांबी न दिसता बारीक दोर दिसतात ते याचसाठी.

पायांचे फाकणे फरशीवरचे घर्षण रोखेल, असा भरवसा कोणी धरू नये. आजकाल घरोघरी व्हिट्रिफाइड टाइल्स असतात आणि उपचारात तेल वापरले जाते.

आपल्या कामासाठी भार किती धरावा? १३० किलोचा रुग्ण आणि त्यावर दोन्ही हातांनी दाब देताना आपला ४० ते ५० किलोचा जोर, असे १८० किलो मध्यावर एकवटले असे मी धरेन. त्या हिशेबाने प्रत्येक दोरावर ९७ किलोच्या आसपास ताण येतो. रुग्ण धपकन बसतो, कुशीवर वळताना एका कोपरावर सगळे वजन टाकतो, म्हणून तो दुप्पट धरावा. ३ मिलिमीटरचा स्टेनलेस वायर रोप ५०० किलोच्या आसपास तुटतो, तेव्हा तो पुरेसा आहे. ४ मिलिमीटरचा घेतला तर वजनात नावालाच फरक पडतो आणि मन निश्चिंत राहते. दोराच्या टोकाला गाठ मारू नये किंवा साधा क्लॅम्पही लावू नये. दोराच्या फासात थिंबल (खोबणीची धातूची कडी) घालून त्यापाशी स्लीव्ह (धातूची छोटी नळी) दाबून घ्यावी. शिडाच्या बोटींचे किंवा जिन्याच्या रेलिंगचे काम करणारे हे योग्य दाबयंत्राने करून देतात. प्रत्येक दोराच्या एका टोकाला छोटा टर्नबकल (फिरवून दोर ताणायचा आट्यांचा जोड) असावा, कारण नवा दोर पहिल्या काही वापरांत थोडा लांबतो आणि तेवढा तो पुन्हा ताणून घ्यावा लागतो.

दोर किती ताणावा, यात बहुतेकांची गफलत होते. टेबल उघडून मधल्या पट्ट्या पूर्ण भिडल्यावर दोर नुकता ताठ झालेला असावा. सैल राहिला तर सगळा भार आधी बिजागरी घेते, आणि दोर कामाला लागेपर्यंत तिचे स्क्रू हललेले असतात. फार आखूड झाला तर पट्ट्या भिडतच नाहीत आणि टेबल मध्यभागी किंचित उंच राहते.

दोर पायाला कुठे अडकवावा, हेही महत्त्वाचे आहे. तिरका टेकू पायाला ज्या बोल्टने जोडला आहे, त्याच बोल्टवर दोराचे टोक घ्यावे. मग दोराची ओढ सरळ टेकूत उतरते आणि पाय वाकत नाही. दोर आणि टेकू चार बोटांच्या अंतरावर असतील, तर दर वेळी पाय त्या जागी वाकवला जातो आणि तिथल्याच भोकापाशी एक दिवस चिरतो. टेकूवर दाब येत असल्यामुळे घडीसाठी त्याच्या मध्ये ठेवलेला सांधा टेबल उघडल्यावर सरळ रेषेच्या दोन-तीन मिलिमीटर पलीकडे जाऊन थांब्यावर टेकला पाहिजे. तसे झाले की भार वाढेल तसा सांधा अधिकच घट्ट बसतो; नाहीतर गुडघ्याचा धक्का लागून तो दुमडू शकतो. स्टुलावर बसून काम करताना दोर गुडघ्यांना लागत असेल तर तो २५ सेंटिमीटरवर घेता येतो. ताण १०० किलोच्या माणसामागे १०७ ऐवजी १५० किलो होईल, तो चालण्यासारखा आहे.

हे टेबल एकाच दिशेने भक्कम असते, हे मात्र कायम ध्यानात ठेवावे. भार दोन्ही पायांच्या टेकणीच्या आत आहे तोवर ते घट्ट होत जाते. पण पाय टोकापासून २० सेंटिमीटर आत घेतले आणि कोणी अगदी टोकावर बसले, तर मध्यभाग वर उचलला जातो आणि दोर त्या दिशेने काहीच मदत करत नाही. म्हणून पाय शक्य तितके टोकाला असावेत आणि खाली थोडे बाहेर झुकलेले असावेत. उघडलेले टेबल मध्यभागी धरून उचलू नये, तेही याच कारणाने.

आता लाकडाकडे वळतो. जुन्या वाड्याचे, गाठ नसलेले सागवान मिळाले तर उत्तम. बीच त्याहून थोडे जड, पण सरळ रेषेचे आणि चिवट असते. पाइन स्वस्त आणि हलके असले तरी त्यात बोल्टची भोके लवकर सैल होतात, त्यामुळे पायांसाठी ते मी वापरणार नाही. फ्रेमची पट्टी १८ मिलिमीटर जाड आणि ७० ते ८० मिलिमीटर उंच असावी. ही उंची ताकदीपेक्षा आत काय मावायचे आहे यावरून ठरते: दुमडलेला पाय, त्याची उंची वाढवायचा तुकडा, टेकू आणि तो तुकडा आवळायचे फिरकीचे नॉब, हे सगळे त्या खोलीत बसले पाहिजे. म्हणून मिस्त्रीला आधी घडी झालेल्या टेबलाचे चित्र काढायला सांगावे, उघड्या टेबलाचे नंतर. दोन्ही बाजूंचे नॉब समोरासमोर आले तर टेबल बंदच होत नाही, आणि हे सहसा पॉलिश झाल्यावर कळते.

पृष्ठभागाला ४ मिलिमीटरचा, आयएस ७१० (मरीन प्लायचे भारतीय मानक) शिक्का असलेला मरीन प्लाय पुरतो, पण खाली दर ३० सेंटिमीटरवर एक आडवी रीप डिंकाने आणि स्क्रूने बसवलेली हवी. कोपऱ्यांना नुसते खिळे न ठोकता डव्हटेल किंवा फिंगर जॉइंट (पट्ट्यांची टोके दातांसारखी एकमेकांत अडकवणारा जोड) करून घ्यावा. चेहऱ्यासाठी भोक हवे असेल तर ते टोकाच्या रिपेच्या पुढे घ्यावे आणि त्याच्या कडेने खालून प्लायची दुहेरी चकती चिकटवावी. माझ्या पसंतीचे विचाराल तर भोक न पाडता बाहेरून खोचायचा हेडरेस्ट बरा.

फोम ४० डेन्सिटीचा, ४० मिलिमीटर जाड, आणि वर १५ मिलिमीटर मऊ थर. याहून मऊ गादी रुग्णाला पहिल्या मिनिटाला आवडते आणि मग दिलेला दाब फोमच खातो. रेक्झिन लावताना मात्र एक गोष्ट जातीने उभे राहून पाहावी. गादीवाला सवयीने रेक्झिन मधल्या कडेवरून खाली वळवून भिडणाऱ्या पट्ट्यांच्या तोंडावरच पिना मारतो. मग लाकडाला लाकूड न भिडता मध्ये रेक्झिनचे दोन थर आणि पिनांची टोके येतात. नुसत्या बिजागरीच्या टेबलात ही जागा २ मिलिमीटर दबली, तरी मध्यभाग १२ मिलिमीटरच्या आसपास खाली येतो. आपले टेबल ‘बसले’ त्यात या रेक्झिनचाही वाटा असण्याचा दाट संभव आहे. रेक्झिन तोंडावर न आणता प्लायच्या खालच्या अंगाला पिनांनी पक्के करावे आणि भिडणारी लाकडी तोंडे उघडी, रंधलेली ठेवावीत.

पायांची उंची ६० ते ८० सेंटिमीटर बदलता यावी. ताठ उभे राहून हात सैल सोडला की बंद मुठीची पेरे गादीला टेकावीत, ही नेहमीच्या कामाची उंची. खोल दाब द्यायचा असेल तर त्याहून दोन-तीन इंच खाली. वाढवायच्या तुकड्याला प्रत्येक पायाला दोन नॉब हवेतच, तेही निदान ६ सेंटिमीटर अंतराने. एका नॉबवर पाय त्याच्याभोवती किंचित फिरतो आणि रुग्णाला टेबल डुगडुगते आहे असे वाटते, भले ताकद कितीही असो. रुंदीच्या दिशेने डुगडुग थांबवायला पायांच्या प्रत्येक जोडीत वरच्या २० सेंटिमीटरला प्लायची पट्टी बसवावी. रुंदी ७० सेंटिमीटरपेक्षा वाढवू नये. ७६ च्या टेबलावर रुग्ण ऐसपैस झोपतो, पण वाकून वाकून आपली कंबर जाते.

ॲल्युमिनियमचा विचार केला असेल तर पायांपुरता करावा. खिडक्यांसाठी मिळणारे ६०६३ जातीचे सेक्शन हलके आणि पुरेसे मजबूत असतात, पण वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याजवळची त्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. फॅब्रिकेटर ‘वेल्ड मारून देतो’ म्हणाला तर नको म्हणावे आणि बोल्ट व कोनपट्टीने जोड करून घ्यावा. एवढे सगळे धरून लाकडी टेबल १५ ते १७ किलोत, आणि ॲल्युमिनियमचे पाय घेतल्यास त्याहून थोडे कमी वजनात बसायला हवे. घडी झाल्यावर ते साधारण ९३ बाय ७० सेंटिमीटर आणि २५ सेंटिमीटर जाड होईल; ते रिक्षात मागच्या सीटवर बसते, स्कूटरवर नेऊ नये.

ताब्यात घेण्यापूर्वी २० लिटरचे पाण्याचे नऊ जार मध्यभागी, सांध्याच्या दोन्ही बाजूंना दाटीने ठेवून अर्धा तास थांबावे आणि फ्रेमच्या कडेला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणून मध्य किती खाली आला ते मोजावे. ५ मिलिमीटरपेक्षा जास्त आला तर टर्नबकल आवळून पुन्हा पाहावे. त्याने फरक पडला नाही, तर टेकूचा सांधा किंवा भिडणारी तोंडे तपासावीत.

आपले सध्याचे टेबलही टाकून देण्याची गरज नाही. जुना १२ मिलिमीटर प्लाय राहू द्यावा, वजन थोडे जास्त राहील इतकेच. मधल्या पट्ट्यांना आतून सागवानाची आणखी एक पट्टी चिकटवून त्यांची जाडी दुप्पट करावी, म्हणजे बिजागरी कडेपासून आत घेता येईल आणि स्क्रूंऐवजी आरपार ६ मिलिमीटरचे बोल्ट व नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सैल न होणारे) बसतील. मधले रेक्झिन तोंडावरून सोडवून प्लायच्या खालच्या अंगाला वळवावे आणि मग टेकू व दोर बसवावेत. फ्रेम ५ सेंटिमीटरच उंच असेल तर टेकू आत मावण्यासाठी चहूबाजूंनी दोन-अडीच सेंटिमीटरची पट्टी खाली जोडावी लागेल, आणि हे काम बिजागरी बसवण्याच्या आधी करून घ्यावे. फ्रेमची आतली मापे आणि पायांच्या जोडाचा फोटो इथे टाकलात, तर टेकूची लांबी आणि बोल्टच्या जागा मी काढून देईन.