नवीन घराच्या सीलिंगमध्ये स्पॉटलाईट किती आणि कुठे लावावेत?

तुम्ही हॉलचं माप दिलंय, १२ बाय १६. दोन बेडरूम, एक किचन, फॉल्स सीलिंगवाला पुढच्या महिन्यात येणार, हेही लिहिलंय. पंखा कुठे आहे ते मात्र लिहिलेलं नाही. दिवाण, सोफा, कपाटं कुठे येणार तेही नाही. ते ठरलं नसेल तर सीलिंगवाल्याला थोडं थांबवा. आधी दिव्यांच्या जागा आणि मग बाकीचं, अशा उलट्या क्रमाने काय होतं ते आमच्या हॉलमध्ये बघायला मिळतं.

कराडला घर बांधलं तेव्हा वाटणी अशी झाली की बांधकाम मी बघायचं आणि सीलिंग, लाईट दादाने. दादा पुण्याला असतो. पैसे त्याचे म्हणून नकाशाही त्याचाच. त्याच्या एका इंटिरियरवाल्या मित्राने घर न बघताच व्हॉट्सअ‍ॅपवर ड्रॉइंग पाठवलं. चार ओळी, ओळीत चार, असे १६ गोल पॅनेल, म्हणजे सपाट एलईडी दिवे, प्रत्येकी १२ वॉटचे. कागदावर सुरेख दिसत होतं. मी एवढंच विचारलं की पंखा मधोमध आहे, मग मधल्या चार दिव्यांचं काय? उत्तर आलं, ते काढले तर सिमेट्री जाते. आमचा वायरमन जुना माणूस. तोही हळूच म्हणाला, "दादांना एकदा समजावून बघा." दादाला समजावणारा माणूस आमच्या घरात अजून जन्माला यायचाय.

वास्तुशांतीला सगळे दिवे लावले, पंखा लावला आणि चारी भिंती थरथरायला लागल्या. आईला वाटलं व्होल्टेज कमीजास्त होतंय. वायरमनने मीटरपासून बोर्डापर्यंत सगळं तपासलं. शेवटी मी पंखा बंद केला आणि थरथर थांबली. पाहुणे घामाघूम बसलेले आणि दादा म्हणतोय, "आता बघ किती छान दिसतंय."

यात जादू काही नाही. १२०० मिलिमीटरचा पंखा म्हणजे मध्यापासून पात्याचं टोक दोन फुटांवर. आमचे मधले चार दिवे मध्यापासून अडीच फुटांवर आहेत, म्हणजे कागदावर पात्यांच्या बाहेरच. दादा आजही हाच मुद्दा काढतो. पण पाती सीलिंगच्या फूटभर खाली फिरतात आणि असल्या पॅनेलचा उजेड चोहोबाजूंना साठेक अंशांत पसरतो. फूटभर खाली येईपर्यंत तो पावणेदोन फूट आत शिरलेला असतो आणि फिरती पाती तो कापत राहतात. त्याच जागी खोलगट सीओबी, म्हणजे अरुंद झोताचा स्पॉट, ३६ अंशांचा (दोन्हीकडे अठरा-अठरा) असता तर उजेड तेवढ्याच अंतरात जेमतेम चार इंच सरकला असता, पात्याला शिवलाही नसता. आता बदलायचं म्हटलं तर पॅनेलचं भोक सहा इंची आणि सीओबीचं तीन इंची. पाडलेलं भोक लहान होत नाही.

मी त्या चार दिव्यांच्या वायरी काढून ठेवल्या. ते अजून तसेच वर आहेत, मुके. दादा गणपतीला आला की चप्पल काढायच्या आधी वर बघतो आणि म्हणतो, "हे चार कधी लावणार?" त्याच्याकडे हॉलचा एक फोटो आहे, तो सगळ्यांना दाखवतो. फोटोत पंखा बंद आहे.

उरलेले बारा लावले तरी सोन्याच्या दुकानात बसल्यासारखं वाटतं. साधं गणित बघा. तुमचा हॉल १९२ चौरस फूट, म्हणजे जवळपास १८ चौरस मीटर. बसण्याउठण्याच्या खोलीला दीडशे लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला दीडशे ल्युमेन उजेड, पुष्कळ झाले. म्हणजे एकूण २७०० ल्युमेन. भिंतींचा रंग, धूळ, गडद फर्निचर बराच उजेड खातात, म्हणून साडेचार हजार धरा. एलईडी वॉटला साधारण ९० ल्युमेन देतो. आमच्या १६ पॅनेलची बेरीज १७ हजारांवर जाते. एवढ्या उजेडात आई दिवाणावर आडवी झाली की डोळ्यांवर पदर घ्यायची.

म्हणून मी दिवाणाच्या बाजूच्या भिंतीवर २० वॉटची एलईडी ट्यूब लावली. यावरून जे भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही. दादाचं म्हणणं, एवढा खर्च करून भिंतीवर ट्यूबलाईट म्हणजे चाळीतली खोली झाली. माझं म्हणणं, त्या खोलीत रोज संध्याकाळी बसतं कोण? साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने एक तृतीयांशच उजेड पोहोचतो. त्याला उजेड जास्त लागतो हे खरं, पण तो हातातल्या कामावर लागतो, बुबुळांत नाही. डोक्यावरच्या स्पॉटमध्ये पेपर धरला की आपल्याच डोक्याची सावली अक्षरांवर पडते. चार फुटी ट्यूबचा उजेड लांबट असतो, सावली गडद होतच नाही. आई त्या एका ट्यूबवर पेपर वाचते, तांदूळ निवडते, सुईत दोरा ओवते. सीलिंगचे दिवे पाहुणे आले की लागतात.

तर तुमच्या हॉलला एक ट्यूब आणि सात-सात वॉटचे चार-पाच स्पॉट बास. तुमचा इंटिरियरवाला यावर तोंड वाकडं करेल, करू दे. स्पॉट भिंतीपासून दोन-अडीच फुटांवर घ्या, म्हणजे उजेड भिंतीवरून खाली उतरतो आणि खोली मोठी वाटते. पंख्याच्या मध्यापासून निदान तीन फूट लांब ठेवा आणि ३६ अंशांच्या वर जाऊ नका. साडेआठ फुटांवरून ३६ अंशांचा उजेड जमिनीवर साडेपाच फुटांचं वर्तुळ करतो. २४ अंशांचा साडेतीन फुटांचं, तो फक्त एखाद्या चित्रासाठी.

किचनचं एकच. दिवा खोलीच्या मधोमध घेतला तर ओट्याशी उभं राहणाऱ्याची सावली विळीवर पडते. तो ओट्याच्या पुढच्या कडेच्या बरोबर वर घ्या. वर कपाटं असतील तर त्यांच्या खाली एलईडीची पट्टी लावा, भाजी चिरायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही. बेडरूममध्ये उशीच्या वर दिवा नको. कपाटासमोर हवा, पण ते दोन फूट भिंतीपासून मोजू नका, कपाटाच्या दारापासून मोजा. भिंतीपासून मोजलं तर दिवा कपाटाच्या डोक्यावर येतो. उजेडाचा रंग हॉल-बेडरूमला ३००० केल्विन (पिवळसर), किचनला ४०००. ६५००चा पांढराफटक घरात आणूच नका, असं मी म्हणतो. आमच्याकडे दादाने तेच आणलेत.

बटणं वेगळी घ्या. आमचे सगळे दोन बटणांवर आहेत, लागले तर सहा, नाहीतर अंधार.

आता राहिलेलं. घरात एसी असेल आणि पंखा नसेल, तर वरचं निम्मं उत्तर तुमच्यासाठी नाही. हे सगळं फॉल्स सीलिंगमध्ये चार-सहा इंच पोकळी आहे असं धरून लिहिलंय. सीलिंग न करता दिवे थेट स्लॅबमध्ये बसवायचे असतील तर बॉक्स आणि पाईप काँक्रीट पडण्याआधी सळ्यांना बांधावे लागतात, नंतर वेळ गेलेली असते. आणि वर गच्ची असेल तर एक पावसाळा उघड्या स्लॅबवर काढा, गळतंय का बघा, मग सीलिंग करा.

सीलिंगचे बोर्ड ठोकण्याआधी टेप धरून सगळ्या वायरिंगचे फोटो काढून ठेवा, अगदी कोपऱ्याकोपऱ्याचे. दादाच्या मित्राकडे ड्रॉइंगं ढीगभर आहेत, फोटो एकही नाही. सीलिंगच्या कडेच्या एलईडी पट्टीची वायर नेमकी कुठून गेलीय हे आमच्याकडे आजही कुणाला सांगता येत नाही, आणि ती पट्टी गेल्या दिवाळीपासून बंद आहे.