थांबू की निघू? ओझरच्या पोराला लांबलेलं उत्तर

तू चार ओळींत विचारलंस. "दादा, ए-320 वर को-पायलट म्हणून सहा वर्षं झाली. आखातातून वाइडबॉडीची, म्हणजे लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानाची ऑफर आलीय, मुलगी चार वर्षांची. पण इथेही शेकड्यांनी नवी विमानं येताहेत, करारही सुधारतील म्हणतात. थांबू की निघू?" मी तिकडेच, आखातात उडवणारा, 'फोन करतो' असं लिहिलं आणि केला नाही. आज परक्या शहरात हॉटेलात पडलोय, घड्याळ उलटसुलट झालंय, झोप येत नाही. तर लिहूनच टाकतो.

व्हिसा, मेडिकल, लायसन्सचं रूपांतर, कर हे सगळं ऑफरबरोबर आलेल्या फाइलीत असेल. ते मी सांगत बसत नाही.

आधी विमानांचं, कारण तुझी भिस्त त्यांच्यावर दिसतेय. एअर इंडियाने फेब्रुवारी 2023 मध्ये 470 मागवली, इंडिगोने त्याच जूनमध्ये 500, अकासाने जानेवारी 2024 मध्ये 150. आकडे खरे आहेत. पण ऑर्डर म्हणजे विमान नव्हे रे. बोइंगचं 777-9 आधी 2020 ला येणार होतं, आता 2027 म्हणतात. आमच्या कंपनीनेही ती मागवलीत, आणि आम्ही जुन्याच 777 वर कंबरा मोडून घेतोय. आणि विमान दारात उभं असलं तरी ते उडेलच असं नाही. प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांपायी किती ए-320 निओ जमिनीवर बसली ते तू डोळ्यांनी पाहिलंयस. गो फर्स्टने तर त्याच इंजिनांकडे बोट दाखवून 3 मे 2023 ला उड्डाणं थांबवली.

विमान बसलं की पायलट बसतो, आणि बसलेल्या पायलटला काय मिळतं ते करारातल्या एका ओळीवर ठरतं: महिन्याला किती तासांची हमी. हे मी तुला शिकवायला नको, पण बघ. 470 विमानांची बातमी फेब्रुवारीतली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये एअर इंडियाच्या पायलटांपुढे नवा करार आला, त्यात हमीचे तास 70 चे 40. दीड हजार पायलटांनी थेट रतन टाटांना निवेदन पाठवलं. पुढच्या एप्रिलला तोच 40 चा साचा विस्तारा या एअर इंडियात विलीन होऊ घातलेल्या कंपनीच्या पायलटांना लावायला गेले आणि रोजची उड्डाणं रद्द व्हायला लागली. कंपनीचं म्हणणं, जास्त उडा, जास्त कमवा. हिशोब चुकीचा नाही, पण तो विमान उडतंय तोवरचा. नव्या विमानांच्या उशिराची जोखीम कंपनीच्या खात्यातून पायलटच्या खात्यात गेली, एवढाच माझा अर्थ.

दुसरं म्हणजे, नवं विमान आलं की आपल्या लोकांत 'किती छान आहे' हे दुसऱ्या दिवशी म्हणतात. पहिल्या दिवशी विचारतात, 'उडवणार कोण?' 2012 चा एअर इंडियाचा संप तुझ्या वेळचा नाही. 58 दिवस. मूळ भांडण ड्रीमलायनरच्या, म्हणजे 787 च्या ट्रेनिंगचं. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्सचं विलीनीकरण 2007 चं, पण जुन्या एअर इंडियाच्या पायलटांना वाटत होतं की 787 वर पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सवाल्यांनी येऊ नये. पहिलं विमान भारतात यायच्या आत भांडून मोकळे! लुफ्तान्झाने 2024 मध्ये सिटी एअरलाइन्स नावाची वेगळी कंपनी उडवायला सुरुवात केली, तिथल्या पायलट संघटनेला काळजी हीच की नवी विमानं मुख्य कंपनीच्या कराराबाहेर जातील. आपल्याकडे डॅम्प लीज बघ, म्हणजे विमान त्याच्या पायलटांसकट भाड्याने घेणं. इंडिगोने लांबच्या मार्गांसाठी नॉर्वेच्या नॉर्स कंपनीची 787 घेतली, ती कॉकपिटमधल्या माणसांसकट. तू ज्या नव्या विमानाची वाट बघतोयस त्याच्या डाव्या सीटवर आधीच कुणी बसून आलेलं असू शकतं.

हे सगळं वाचून तुला वाटेल, दादा निघ म्हणतोय. थांब जरा.

आता इकडचं. मी 2018 मध्ये आलो तेव्हा तिकडे कमांड होती, म्हणजे कॅप्टन होतो, चार पट्ट्या होत्या. इकडे तीन पट्ट्या लावून को-पायलट म्हणून उजवीकडे बसलो. सिनिऑरिटी कंपनी बदलली की शून्य, हे तुला माहीत आहे, पण माहीत असणं वेगळं आणि बत्तिसाव्या वर्षी पंचविशीतल्या पोराच्या मागे लीव्ह बिडिंगला, म्हणजे सुट्ट्या निवडायच्या रांगेत उभं राहणं वेगळं. निघायच्या आधीचं नोटिशीचं वर्ष तर त्रिशंकू. ऑगस्ट 2017 मध्ये नियम आला, कॅप्टनला एक वर्ष, को-पायलटला सहा महिने. मी त्याच्यात नेमका सापडलो. तुला सहाच महिने, नशीबवान आहेस.

कागदांबद्दल एकच सांगतो, कारण ते कुठल्या फाइलीत नसतं. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. लायसन्सवर क्रम वेगळा, पासपोर्टवर तिसराच. इकडच्या कारकुनाच्या मते ही तीन माणसं. ती तीनही मीच आहे हे सिद्ध करायला मला सात आठवडे आणि दोन प्रतिज्ञापत्रं लागली. मुलीच्या जन्मदाखल्यावर तर नावाचा रकानाच कोरा होता, बारशाच्या आधी काढलेला. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "आता सहा वर्षांनी नाव ठेवताय होय?" तेव्हा हसलो नव्हतो. तुझ्या मुलीचा दाखला आजच काढून बघ.

आणि शाळा. आम्ही ऑक्टोबरात आलो, तेव्हा ती सहा वर्षांची. नाशकातल्या मराठी शाळेत अर्धी पहिली झाली होती. वाचायची भराभर, पाढे बारापर्यंत. इकडच्या शाळेने वीस मिनिटांची चाचणी घेतली. बाईंनी एका काटेरी प्राण्याचं चित्र दाखवलं, पोरगी म्हणाली, "साळू." बाईंनी कागदावर लिहिलं, प्रतिसाद नाही. मी काचेच्या पलीकडे युनिफॉर्म घालून उभा होतो, सिम्युलेटरच्या सरावाला जायचं होतं, घाईत होतो. एक वर्ष खाली बसवली. वर इंग्रजीच्या जादा तासांची वेगळी फी, ती कंपनीच्या शिक्षणभत्त्यात बसत नव्हती. आता ती चौदाची होईल, सगळं उत्तम चाललंय, शाळेचा तिला काही राग नाही. मला आहे. त्या बाईंशी मी मनातल्या मनात अजून भांडतो, कधी कधी तीस हजार फुटांवर. आजीशी व्हिडिओ कॉलवर बोलताना पोरीला शब्द सुचत नाहीत, मग ती हसून फोन माझ्याकडे देते.

एकटेपणाचं सगळे विचारतात. असतो. मिसळ इथेही मिळते. पुढे जाऊ.

त्या शिक्षणभत्त्यावरून मुद्द्यावर येतो. 2020 मध्ये तो कमी केला, पगारासकट. ई-मेल आला सकाळी नऊ वाजता. चर्चा नाही, कारण चर्चा करायची कुणाशी? या देशात परदेशी कामगारांना संघटना काढता येत नाही, संप तर गुन्ह्यातच जमा. वरच्या मजल्यावर माझा एक मित्र होता, ए-380 वर. त्याचं विमान मार्चमध्ये वाळवंटात उभं करून ठेवलं आणि पाच महिन्यांत त्याला घरी पाठवलं. मी 777 वर होतो, आमच्या विमानांतून माल जात होता, म्हणून मी राहिलो. माझं काही कौतुक नव्हतं. भरतीच्या दिवशी कुणीतरी एका यादीत माझ्या नावापुढे एक अक्षर लिहिलं, त्याच्यापुढे दुसरं. त्याच्या बायकोने जाताना आम्हाला फ्रिज दिला. अजून आमच्याकडेच आहे.

आता जे सांगणार नव्हतो ते.

माझे बाबा आणि तुझे काका एचएएलच्या ओझरच्या विमान कारखान्यात एकाच शॉपमध्ये होते, म्हणजे तुला हे अर्धं माहीत असेल. ओझर मिगला 'फ्लीट रिन्यूअल', म्हणजे जुन्या विमानांच्या जागी नवी, हा शब्द कुणी वापरत नसे, पण घराघरांत तोच विषय. मिग संपलं की काय बनवणार? सुखोई किती वर्षं पुरेल? बाबा युनियनमध्ये कायम मागच्या रांगेत, पण वेतन करार आला की द्वारसभेला हजर. ऑक्टोबर 2019 चा एचएएलचा संप आठवतो ना? सगळ्या कारखान्यांत एकदम, अधिकाऱ्यांच्या तोडीची पगारवाढ मागायला, शेवटी उच्च न्यायालयाच्या आदेशावर मिटला. बाबांची निवृत्ती दोन वर्षांवर होती, तरी रोज गेटवर. मी फोनवर म्हणालो, आता कशाला तुम्ही उन्हात उभे राहता? ते म्हणाले, "करार आपल्यानंतरच्यांसाठी असतो."

मी गप्प. कारण दोनच वर्षांपूर्वी मी काय केलं होतं ते त्यांना माहीत नव्हतं, अजूनही नाही. 2017 मध्ये आमच्या बेसवर सात जणांनी रोस्टरबद्दल पत्र तयार केलं. सलग रात्री, आठवड्याची सुट्टी 36 तासांची, त्यातले दहा-बारा झोपेत. चौथी सही माझी. माझी इकडची मुलाखत तेव्हा ठरलेली होती. रात्री अकराला पहिल्या सहीवाल्याला फोन करून म्हणालो, माझं नाव काढ. तो एवढंच म्हणाला, "बरं." पुढचे चार महिने त्याला स्टँडबायच स्टँडबाय, नुसतं बोलावण्याची वाट बघत बसणं.

तो पहिल्या सहीवाला अजून मुंबई बेसवरच आहे, घर नाशकात इंदिरानगरला. 1 जुलै 2025 पासून आठवड्याची विश्रांती 48 तासांची झाली. पायलट संघटना त्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं भांडत होत्या. रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोन, ती नोव्हेंबरपासून. त्याचा शेवट डिसेंबरात इंडिगोच्या गोंधळात कसा झाला, आणि पुन्हा सवलत कशी दिली, ते तू आत राहून भोगलंयस. नियम जानेवारी 2024 पासून ठाऊक असून नियोजन चुकलं, हे कंपनीनेच कबूल केलं. पण त्या सहीवाल्याच्या लेखी हिशोब साधा आहे. 36 तासांत कसारा चढून घरी जाण्यात अर्थ नव्हता, 48 मध्ये आहे. मध्ये त्याने फोटो पाठवला, मुलाला घेऊन पांडवलेणीच्या पायऱ्यांवर, खाली धुक्यात गाव. सोबत काही लिहिलं नव्हतं. मी अंगठा पाठवला.

म्हणून तुला सरळ 'ये' म्हणवत नाही, आणि 'येऊ नकोस' म्हणायला तोंड नाही. पैसा आहे, कर्ज फिटलं, म्हसरूळचा प्लॉट सुटला. विमान म्हणशील तर 787 किंवा ए-350 मिळालं तर घे, केबिनमधला दाब सहा हजार फुटांचा ठेवतात, बारा तासांनी उतरल्यावर डोकं आपलंच असतं. पण तिकडे करार वाईट असला तरी त्याच्यावर ओरडणारी माणसं आहेत. इकडे तो चांगला आहे, ई-मेल येईपर्यंत.

कराराची प्रत मला पाठव, पूर्ण, मागची परिशिष्टंसुद्धा. 'कंपनी वेळोवेळी बदल करू शकेल' हे वाक्य किती ठिकाणी येतं ते आधी मोजून ठेव, माझ्यात ते अकरा वेळा होतं. शाळेचा भत्ता कुठल्या परिशिष्टात आहे तेही लिही. आणि ओझरला गेलास तर बाबांकडे डोकाव, ते सारखं विचारतात तुमच्याकडे युनियनचं कोण बघतं म्हणून. काहीतरी सांग त्यांना, त्या पत्राचं मात्र नको.