मुलाला गाडी घेण्यासाठी ठेव मोडावी का?

तुमच्या पत्राचा मथितार्थ असा: मुलगा पुढच्या महिन्यात लायसन्सच्या वयाचा होतोय. घरात एक गाडी आहे, ती तुम्ही आणि यजमान आलटूनपालटून वापरता. मुलासाठी वेगळी जुनी गाडी घ्यायचा विचार आहे आणि त्यासाठी सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढी ठेव मोडायची तयारी आहे. त्याच्या नावावर विमा फार महाग पडतो म्हणून गाडी आणि विमा दोन्ही तुमच्या नावावर ठेवायचे, हेही ठरल्यात जमा आहे.

नका घेऊ. निदान या वर्षी तरी नको.

आधी विम्याचं बोलते, कारण खरी गोम तिथेच आहे. जिथे चालवणाऱ्याचं वय आणि अनुभव बघून हप्ता ठरतो, तिथे अर्जात 'मुख्य चालक कोण' असं विचारतात. रोज कॉलेजला मुलगा गाडी नेणार आणि अर्जात तुमचं नाव, हे कंपनीच्या लेखी खोटं निवेदन होतं. ब्रिटनमध्ये याला 'फ्रंटिंग' म्हणतात आणि ती फसवणूक धरतात. बंपर घासला तर कोणी खोलात जात नाही. पण कोणाला गंभीर इजा झाली, की चौकशीतला पहिला प्रश्न 'ही गाडी रोज कोण चालवतं' हाच असतो. त्या दिवशी वाचवलेला हप्ता राहतो बाजूला, आणि भरपाई अख्ख्या घराच्या गळ्यात येऊ शकते. हप्ता महाग आहे तो काही उगाच नाही. लायसन्स मिळाल्यानंतरचे पहिले काही महिने सगळ्यात धोक्याचे असतात, हे कंपन्यांना दाव्यांवरून पक्कं ठाऊक आहे.

ठेवीबद्दल फार बोलत नाही. ती तुमची अडीअडचणीची पुंजी आहे. गाडीचं मोल दरवर्षी उतरतं. टायर, बॅटरी, सर्व्हिसिंग, विमा मात्र दरवर्षी दारात उभे.

पैसे खर्चायचेच असतील तर सरावाच्या तासांवर खर्चा. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात 21 वर्षांखालच्या शिकाऊ चालकाला परीक्षेआधी 120 तासांची नोंद दाखवावी लागते, त्यातले 20 तास रात्रीचे. न्यूझीलंडने 1987 मध्ये टप्प्याटप्प्याने लायसन्स द्यायला सुरुवात केली. तिथे मधल्या टप्प्यात रात्री 10 ते पहाटे 5 एकट्याने गाडी काढायची नाही आणि शेजारी अनुभवी चालक नसेल तर मित्रांना बसवायचं नाही. तुमच्याकडे असा नियम नसला तर घरात करा, त्याला पैसे पडत नाहीत. ड्रायव्हिंग स्कूलचे ठरावीक धडे परीक्षेपुरते असतात. चढावर थांबून, मागचा हॉर्न वाजवत असताना, इंजिन बंद न पाडता अर्ध्या क्लचवर गाडी उचलणं हे दहा धड्यांत अंगवळणी पडत नाही. माझ्या लेकीने परीक्षा पहिल्या फटक्यात पास केली आणि आठवड्याभरात रिव्हर्स घेताना फाटकाच्या खांबावर मागचं दार घासलं. आरसा तिने पाहिला होता, पण एकच!

शिकायला मॅन्युअलच निवडा. ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर ब्रिटनसह काही देशांत मॅन्युअल चालवता येत नाही, आणि मग दुसऱ्यांदा फी भरा.

म्हणजे या वर्षी करायचं ते एवढंच: घरच्या गाडीच्या विम्यात मुलाचं नाव रीतसर घाला. तो शिकाऊ असतानाही विमा लागू होतो का, हे कंपनीकडून लेखी घ्या. वाढीव हप्ता तुम्ही भरा, पेट्रोल त्याच्याकडे द्या. दाव्यात स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम किती ते पॉलिसीत बघा. तेवढे पैसे बचत खात्यात वेगळे ठेवा आणि किरकोळ ओरखड्यांसाठी दावा करू नका. वर्षभर दावा न केल्याची सूट त्या ओरखड्यापेक्षा मोठी असू शकते. रंगकामाचं निम्मं बिल त्याच्या पॉकेटमनीतून. लेकीकडून मी पूर्ण घेतलं होतं, ते जरा जास्तच झालं.

गाडीच्या वेळांवरून तुमच्या घरात भांडणं होतील, हे मान्य. एक वही करा: कोणी, कधी, कुठे नेली. वर्षभराने पॉलिसीच्या नूतनीकरणाची नोटीस येईल तेव्हा ती वही उघडा. आठवड्यातले चार दिवस गाडी त्याच्याकडेच दिसली तर मला पुन्हा लिहा. तेव्हा दुसऱ्या गाडीचं गणित मांडू, त्याच्या नावाने.