आरपीएम दुप्पट केला की मोटर निम्मी होते का?

तुम्ही विचारलंय की 100 किलोवॅटची मोटर 10,000 ऐवजी 20,000 आरपीएमला फिरवली, तर वजन निम्मं होईल का.

टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, नक्कीच निम्मा होतो. 95 न्यूटन-मीटरच्या जागी 48 लागतात, आणि मोटरचा आकार ठरतो तो टॉर्कवर, पॉवरवर नाही. पण उष्णता तशी निम्मी होत नाही. एफिशियन्सी 96 टक्के धरली तरी चार किलोवॅटहून थोडी जास्त उष्णता निघते, आणि आता ती निम्म्या आकारातून बाहेर काढायची असते.

इथे पहिला हात पंपाकडे जातो, तो जाऊ देऊ नका. मोटरभोवतीच्या पाण्याच्या जॅकेटमधून मिनिटाला 10 लिटर पाणी जात असेल, तर एवढ्या उष्णतेने ते जेमतेम 6 अंश तापतं. पाणी पुरेसं असतं, अडतं ते तांब्यापासून जॅकेटपर्यंत. स्लॉटमध्ये, म्हणजे तारा बसतात त्या खाचेत, तारांच्या फटीत हवा राहिली की उष्णता तिथेच कोंडते. साधं ईपॉक्सीसुद्धा हवेच्या सात-आठ पट उष्णता वाहून नेतं, म्हणून ते व्हॅक्यूममध्ये भरा. टेंपरेचर सेन्सर एंड वाइंडिंगच्या (स्लॉटबाहेर वळणाऱ्या तारांच्या गुंडाळीच्या) पोटात, तारांच्या मधोमध बसवा. वरून चिकटवलेला सेन्सर कमी आकडा दाखवतो आणि आत इन्सुलेशन जळत असतं. तांबं 20 वरून 150 अंशांवर गेलं की त्याचा रेझिस्टन्स दीडपट होतो, म्हणजे तेवढ्याच करंटला दीडपट उष्णता.

आता फ्रिक्वेन्सी. मोटरमध्ये 8 पोल (चुंबकीय ध्रुव) असतील तर 20,000 आरपीएमला ती 1,333 हर्ट्‌झ होते, आधीच्या दुप्पट. तेवढ्याच फ्लक्सला (चुंबकीय प्रवाहाला) लोखंडातला एडी करंटचा, म्हणजे लोखंडातच गोल फिरणाऱ्या करंटचा, लॉस चौपट. लॅमिनेशन (गाभ्याचा पातळ लोखंडी पत्रा) 0.35 मिलिमीटरऐवजी 0.20 चं घेतलं, तर तो लॉस साधारण एक तृतीयांशावर येतो. जाड चपट्या तारांचं वाइंडिंग असेल तर एअर गॅपजवळची (फिरणारा रोटर आणि स्थिर स्टेटर यांच्यामधल्या फटीजवळची) तार सगळ्यात आधी तापते. डीसी रेझिस्टन्स मोजून हे कळतच नाही. पोल 4 केले तर फ्रिक्वेन्सी पूर्वीइतकी होते, पण स्टेटरचं योक (स्लॉटमागचं लोखंडी कडं) जाड करावं लागतं आणि एंड वाइंडिंग लांबतं. वाचवलेलं बरंच वजन असं परत येतं.

रोटरचा व्यास तोच ठेवला तर सेंट्रिफ्यूगल ताण चौपट होतो. मॅग्नेट पृष्ठभागावर असतील तर ते धरून ठेवायला कार्बन फायबरची स्लीव्ह लागते. ती उष्णता सोडत नाही, म्हणून मॅग्नेटचे तुकडे करून त्यातला एडी करंट आधीच कमी करायचा.

विमानासाठी आणखी दोन गोष्टी बघा. प्रोपेलर साधारण 2,000-2,500 आरपीएमला फिरतो, तेव्हा गिअरबॉक्सचं वजनही हिशेबात धरा. टर्बाइनवर थेट बसणाऱ्या जनरेटरला जास्त आरपीएम सोयीचा, पण वाइंडिंग आत शॉर्ट झालं तर पर्मनंट मॅग्नेटचं फील्ड बंद करता येत नाही. टर्बाइन फिरतंय तोवर त्या शॉर्टमधून करंट वाहतच राहतो. त्यामुळे टर्बाइनपासून जनरेटर सोडवायची सोय पहिल्या ड्रॉइंगपासूनच ठेवा.