साच्याविना एकाच मापाची छिद्रे

प्रश्न : ब्लॉक कोपॉलिमरपासून बनवलेल्या गाळण-पटलातील छिद्रे कोणत्याही साच्याशिवाय एकाच मापाची तयार होतात, असे आमच्या सरांनी वर्गात सांगितले. छिद्रे पाडणारे कोणी नसताना हे कसे घडते? आणि ही पटले इतकी सरस असतील, तर घरातल्या वॉटर प्युरिफायरमध्ये ती का नसतात?
– एम.एस्सी.ची एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : छिद्रे सारखी असण्याला एवढे महत्त्व का, हे आधी पाहू. पीठ चाळण्याची चाळण एका जागी जरी फाटली, तरी कोंडा तिथूनच खाली उतरतो, आणि बाकीची जाळी कितीही बारीक असली तरी तिचा उपयोग राहत नाही. पटलाच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे, कारण अरुंद नळीतून वाहणाऱ्या पाण्याचे प्रमाण त्रिज्येच्या चौथ्या घातानुसार वाढते. त्रिज्या दुप्पट असलेल्या छिद्रातून तेवढ्याच दाबाखाली सोळापट पाणी जाते, आणि त्रिज्या तिप्पट असेल तर एक्याऐंशीपट. म्हणजे लहानमोठी छिद्रे मिसळलेल्या पटलात पाण्याचा मोठा वाटा नेमका त्या मोजक्या मोठ्या छिद्रांतूनच जातो, आणि जे अडवायचे तेही त्याच वाटेने निसटते.

आता तुमचा मुख्य प्रश्न. ब्लॉक कोपॉलिमरच्या प्रत्येक रेणूत एकमेकांत न मिसळणाऱ्या दोन साखळ्या रासायनिक बंधाने टोकाला टोक जोडलेल्या असतात. पॉलिस्टायरीन आणि पॉलिव्हिनिलपिरिडीन ही या क्षेत्रातील सर्वाधिक अभ्यासलेली जोडी आहे. बंध नसता, तर तेल आणि पाणी वेगळे होतात तशी ही दोन्ही द्रव्ये पूर्णपणे वेगळी झाली असती. बंधामुळे ती वेगळी तर होऊ पाहतात, पण साखळीच्या लांबीपलीकडे दूर जाऊ शकत नाहीत, आणि म्हणून काही दशक नॅनोमीटर मापाचे एकसारखे कप्पे तयार होतात. कप्प्याचे माप साखळीची लांबी ठरवते, तर त्याचा आकार दोन्ही घटकांचे प्रमाण ठरवते. लहान घटक अगदी कमी असेल तर गोळे बनतात, साधारण पाचव्या ते तिसऱ्या हिश्श्याएवढा असेल तर उभट नळकांडी बनतात, आणि दोन्ही घटक जवळजवळ सारखे असतील तर थरावर थर बसतात. गाळण्यासाठी आपल्याला नळकांडी हवी असतात, आणि तीही पटलाच्या पृष्ठभागाला काटकोनात उभी.

सुरुवातीच्या पद्धतींत नळकांड्यातील द्रव्य नंतर काढून टाकून छिद्र मोकळे करत. पॉलिमिथाइल मेथॅक्रिलेट असेल तर ते अतिनील किरणांनी तोडून ॲसेटिक आम्लाने धुवत, आणि पॉलिलॅक्टाइड असेल तर ते अल्कलीने विरघळवत. यात छिद्रे सुरेख मिळतात, पण पायऱ्या फार आहेत, आणि पातळ थर उचलून दुसऱ्या आधारावर बसवण्याचे काम नाजूक आहे.

मोठा बदल २००७ मध्ये झाला. जर्मनीत हॅम्बुर्गजवळच्या गीस्टहाख्त येथील संशोधन केंद्रात पाइनेमान, आबेट्झ आणि सिमोन यांनी या स्वयंरचनेची सांगड पटल-उद्योगातील एका जुन्या पद्धतीशी घातली. ती पद्धत १९६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात लोब आणि मूळचे भारतीय असलेले सौरीराजन यांनी सेल्युलोज ॲसिटेटच्या पटलांसाठी घडवली होती. पॉलिमरचे दाट द्रावण सपाट पृष्ठभागावर पात्याने पसरायचे, थोडा वेळ थांबायचे आणि मग ते पाण्यात बुडवायचे, असे तिचे स्वरूप आहे. नव्या पद्धतीत सारी किमया त्या थोड्या वेळात आहे. द्रावणात लवकर उडून जाणारा टेट्राहायड्रोफ्युरान आणि सावकाश उडणारा डायमिथाइलफॉर्मामाइड असे दोन द्रावक असतात. पहिला वरच्या पृष्ठभागावरून झपाट्याने निघून जातो, तिथले द्रावण दाट होते, आणि दाटपणा वरून खाली उतरत जात असल्यामुळे नळकांडी त्याच दिशेने उभी राहतात. काही सेकंदांतच पटल पाण्यात गेले पाहिजे. पाणी आत शिरताच पॉलिस्टायरीन घट्ट होऊन रचना जागच्या जागी गोठते, पाणी मानवणारे पॉलिव्हिनिलपिरिडीन छिद्राच्या भिंतीला अस्तरासारखे बसते, आणि खालचा भाग स्पंजासारखा भुसभुशीत होऊन वरच्या पातळ थराला आधार देतो. सुव्यवस्थित थर आणि त्याचा आधार एकाच कृतीत मिळणे, हे मला या शोधाचे खरे मोल वाटते.

हे अस्तर निष्क्रियही नसते. पाण्याचा सामू साधारण ४ च्या खाली गेला, की पिरिडीनच्या गटांवर धनभार येतो, साखळ्या फुगतात आणि छिद्र आवळले जाते. सामू वाढवला, की ते पुन्हा उघडते.

घरातल्या यंत्राबद्दलच्या प्रश्नाचे उत्तर दोन भागांत द्यावे लागेल. क्षारांचे आयन एक नॅनोमीटरहूनही लहान असतात, त्यामुळे काही दशक नॅनोमीटरची छिद्रे त्यांना अडवू शकत नाहीत. बोअरच्या पाण्यातील क्षार काढायचे तर आरओचेच पटल लागते. जिवाणू तर या छिद्रांच्या मानाने इतके मोठे, की त्यांच्यासाठी नेहमीचे स्वस्त अतिसूक्ष्म गाळण पुरते. दुसरे कारण किमतीचे आहे. नेमक्या लांबीच्या साखळ्या बहुधा ॲनायनिक बहुवारिकीकरणाने, म्हणजे साखळीच्या ऋणभारित टोकाला एकेक लहान रेणू जोडत जाण्याच्या पद्धतीने बनवतात, आणि त्यात ओलाव्याचा वा हवेचा अंश जरी शिरला तरी साखळीची वाढ थांबते. शिवाय पॉलिस्टायरीन ठिसूळ असल्यामुळे मोठ्या आकाराचे निर्दोष पटल बनवणे कठीण जाते. म्हणून या पटलांची खरी गरज औषधनिर्मितीत आहे. तिथे सुमारे १० नॅनोमीटरचे प्रतिपिंड आरपार जाऊ द्यायचे असतात आणि सुमारे २० नॅनोमीटरचे पार्व्होविषाणू अडवायचे असतात, आणि एवढ्या अरुंद फरकासाठी छिद्रांचा सारखेपणा अपरिहार्य ठरतो.

प्रयोगशाळेत तुम्ही स्वतः असे पटल ओतून पाहणार असाल, तर हवेतील आर्द्रतेची नोंद अवश्य ठेवा. कोल्हापूरच्या पावसाळ्यात हवेतला ओलावाच पटल पाण्यात बुडवण्याआधी त्यात शिरू लागतो, त्यामुळे उन्हाळ्यात अचूक ठरलेले सेकंद जुलैत लागू पडत नाहीत.