सासऱ्यांचा आरोवाना आणि बिनबिलाचं गिऱ्हाईक

प्रश्न : माझे सासरे तीन आठवड्यांपूर्वी वारले. आमच्या कल्याणच्या घरी त्यांच्या हौसेचा सहा फुटी टँक आहे आणि त्यात एकच मासा, लाल आरोवाना. २०१९ मध्ये दीड लाखाला घेतला, असं ते सांगायचे. कपाटात एक रंगीत सर्टिफिकेट सापडलं, त्यावर चिपचा नंबर आहे. बिल मिळत नाही. नणंदेच्या यजमानांनी गिऱ्हाईक आणलंय. रोख सव्वा लाख देतो, बिल नको, चिप मी काढून घेतो, असं ते म्हणतं. सासूबाई मासा द्यायला तयार नाहीत. शेजारी म्हणतात, असा मासा घरात ठेवणंच गुन्हा आहे. काय करावं?

उत्तर : ताई, सर्वांत आधी त्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवा. चिप काढण्याची भाषा करणाऱ्याला हा मासा कोणत्या कायद्यात बसतो ते तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. ती चिप माशाच्या पाठीच्या स्नायूत टोचलेली असते. ‘कागदावरचा मासा तो हाच’ असं दाखवणारा तुमच्याकडचा तो एकमेव पुरावा. ती काढली की उरेल एक बेवारशी मासा आणि तो विकल्याचा ठपका.

आता शेजाऱ्यांचं म्हणणं. ते अर्धवट खरं आहे, पण आधी मासा नेमका कोणता याची खात्री करून घ्या. आपल्याकडच्या दुकानांत आरोवाना म्हणून जो सर्रास विकला जातो तो बहुतेक वेळा दक्षिण अमेरिकेतला सिल्व्हर आरोवाना असतो. आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या याद्यांत तो नाही. त्याच्या पाठीवरचा आणि पोटाखालचा पर लांबलचक असतो, थेट शेपटीपर्यंत गेलेला, आणि शेपटी अगदी लहान. आशियाई आरोवानाचा पाठीवरचा पर आखूड, मागच्या बाजूला, आणि शेपटी पंख्यासारखी मोठी. लाल जात मुळात इंडोनेशियाच्या पश्चिम कालिमंतानमधली, कापुआस नदीच्या खोऱ्यातली. चिप, सर्टिफिकेट आणि दीड लाख हे सगळं धरलं, तर तुमच्याकडचा आशियाईच दिसतो. तरीही मत्स्यतज्ज्ञ किंवा मासे तपासणारा पशुवैद्य बोलावून स्कॅनरवर चिप वाचून घ्या, नंबर सर्टिफिकेटशी ताडून पाहा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. पुढचं सगळं त्या आकड्यावर उभं राहणार आहे.

आशियाई आरोवाना १९७५ पासून साइट्सच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे सर्वांत कडक यादीत. रानातून पकडलेल्या माशाचा व्यापार बंद आहे. साइट्सकडे नोंदलेल्या फार्मवर पैदास झालेला, चिप टोचलेला मासा मात्र कागदपत्रांसह विकता येतो. सिंगापूर, मलेशिया, इंडोनेशियातून येणाऱ्या माशासोबत सर्टिफिकेट असतं ते म्हणूनच. पण ते फार्मचं सर्टिफिकेट. मासा भारतात रीतसर आयात झाला, हे त्यावरून सिद्ध होत नाही. दुकानदार हे दोन कागद मुद्दाम एक करून सांगतात आणि हौशी माणसं विश्वास ठेवतात.

आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. तिने साइट्सच्या याद्या चौथ्या अनुसूचीत आणल्या आणि कलम ४९-एम घातलं. या यादीतला जिवंत प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याने तो कळवून नोंदवायचा. हस्तांतर, पिल्लं आणि मृत्यूसुद्धा कळवायचा. त्याचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आले. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश २.०’ या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज, एक हजार रुपये शुल्क. आधीपासून प्राणी असलेल्यांना सहा महिन्यांची मुदत होती, ती ऑगस्ट २०२४ अखेर संपली. त्यानंतर ताब्यात आलेल्या प्राण्यासाठी तीस दिवस. तेव्हा मासा पाळणं हाच गुन्हा नाही, पण नोंदणीविना ठेवणं कायद्याचा भंग आहे आणि शिक्षेत तुरुंगवासही येतो.

हे तीस दिवस तुमच्या कामाचे आहेत. सासरे जाऊन तीन आठवडे झाले. मासा तुमच्या ताब्यात आला तो त्यांच्या मृत्यूनंतर, असा मुद्दा मांडता येतो. वन विभाग तो मान्य करेलच असं मी म्हणणार नाही, कारण मासा आधीपासून त्याच घरात होता. पण मुदतीच्या आत स्वतःहून अर्ज करणाऱ्या सुनेकडे कोणताही अधिकारी लपवाछपवी करणारी म्हणून पाहणार नाही. उरलेला आठवडा वाया घालवू नका.

अर्जाआधी सासऱ्यांचा ईमेल चाळा. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जून २०२० मध्ये परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांसाठी स्वेच्छेने माहिती देण्याची सहा महिन्यांची सवलत दिली होती. त्या काळात कळवणाऱ्याकडे कागदपत्रं मागायची नव्हती. तेव्हा पुष्कळ हौशी मंडळींनी पोपट, इग्वाना, मासे नोंदवले. सासऱ्यांनी तसं केलं असेल आणि पोचपावती सापडली, तर तुमचं अर्धं काम झालं. नाही सापडली तर बँकेचं २०१९ चं पासबुक, दुकानदाराशी झालेलं व्हॉट्सॲप, टँकसोबतचे जुने फोटो गोळा करा. सोबत साध्या मराठीत लिहिलेलं, नोटरीकृत प्रतिज्ञापत्र जोडा : मासा कोणी घेतला, कधी, आज कोणाकडे आहे. दुकानदार ‘जुन्या तारखेचं बिल करून देतो’ म्हणेल. घेऊ नका. आज तुमच्याकडे कागद अपुरे आहेत. त्या बिलाने ते खोटे होतील, आणि बनावट दस्ताचा गुन्हा वेगळा लागतो. अर्ज पाठवण्याआधी स्थानिक वकिलाला एकदा मसुदा दाखवा, कारण त्यात लिहिलेलं प्रत्येक वाक्य पुढे तुमच्याच विरोधात वाचलं जाऊ शकतं.

घरातला वाद त्यामानाने सोपा आहे. मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार सासूबाई, तुमचे यजमान आणि नणंद सगळ्यांचा हक्क सारखा. जावईबापूंना मासा विकायचा काहीच अधिकार नाही आणि नणंदेलाही एकटीला नाही. माशासाठी कोर्टातून वारसा प्रमाणपत्र आणायची गरज नाही. ते येणी आणि रोख्यांसाठी असतं. तिघांच्या सह्यांचं एक संमतिपत्र करा की मासा सासूबाईंकडे राहील आणि नोंदणी त्यांच्या नावे होईल. नणंदेला तिच्या वाट्याचे पैसे हवे असतील तर घरातल्या घरात द्या. नोंदणीनंतर रीतसर कळवून हस्तांतर करता येतं, तेव्हा विक्रीचा विषय कायमचा बंद होत नाही.

दरम्यान मासा जगवा. आरोवाना उडी मारतो आणि रात्री फरशीवर पडून मरतो, म्हणून टँकच्या काचेच्या झाकणावर जड वस्तू ठेवा. कल्याणला वीज जाते हे तुम्हाला मी सांगायला नको. बॅटरीवर चालणारा एअर पंप आणा. पाणी एकदम सगळं बदलू नका. सासऱ्यांच्या हाताची सवय असलेला मासा काही दिवस खाणार नाही, घाबरून भलतंसलतं औषध टाकू नका. मेलाच तर खाडीत किंवा कचऱ्यात टाकू नका. पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा, पशुवैद्याकडून चिप वाचून घ्या आणि वन विभागाला लेखी कळवा. आणि कंटाळून तलावात सोडण्याचा विचार कोणी मांडला तर त्याला तिथेच थांबवा.

अर्जानंतर वन विभागाचे लोक पाहणीला आले तर टँक दाखवा, सर्टिफिकेटची मूळ प्रत हातात देऊ नका, छायांकित प्रतीवर पोच घ्या. पंचनामा झाला तर वाचल्याशिवाय सही करू नका. मासा जप्त करण्याची भाषा झाली तर बंधपत्रावर तो तुमच्याच टँकमध्ये ठेवण्याची लेखी मागणी लगेच करा. दोन-अडीच फुटी मासा ठेवायला वनक्षेत्रपालाच्या कार्यालयात टँक नसतो, आणि ही अडचण अर्जात नोंदवायला हरकत नाही.