कारखान्यातच तयार होणारी वाफ आणि वीज ईआरपीमध्ये कशी दाखवावी?

आपण विचारले आहे की रसायन कारखान्यात स्वतःचा बॉयलर, टर्बाइन आणि कॉम्प्रेसर असताना नव्या एसएपीमध्ये (ही एक ईआरपी, म्हणजे कारखान्याचे साठे, उत्पादन आणि हिशेब एकत्र सांभाळणारी संगणक प्रणाली) वाफ, वीज आणि हवा यांना मटेरियल कोड देऊन बीओएममध्ये, म्हणजे उत्पादनाला लागणाऱ्या मालाच्या यादीत, घ्यावे, की सल्लागार म्हणतात त्याप्रमाणे ओव्हरहेडच्या (सगळ्या उत्पादनांवर वाटल्या जाणाऱ्या सामायिक खर्चाच्या) एका दरात मिसळावे, आणि एमआरपीला (मालाची गरज आधी काढणाऱ्या नियोजनाला) त्यांची मागणी दिसेल का.

माझ्या मते सल्लागारांचा मार्ग चुकीचा आहे आणि मटेरियल कोडचा मार्ग गैरसोयीचा. प्रत्येक युटिलिटीला (वाफ, वीज, हवा यांसारख्या सेवेला) स्वतंत्र कॉस्ट सेंटर, म्हणजे खर्च गोळा करणारे खाते, द्यावे, तिचा ॲक्टिव्हिटी टाइप (ती सेवा ज्या मापाने आणि दराने इतरांना दिली जाते ते) टन, युनिट किंवा घनमीटर यांत मोजावा आणि रेसिपीच्या ज्या टप्प्यात ती खर्च होते, त्याच टप्प्यावर तिचे प्रमाण लिहावे. इन्स्टिट्यूट ऑफ कॉस्ट अकाउंटंट्सचे सीएएस-8 हे मानकही प्रत्येक युटिलिटीला स्वतंत्र कॉस्ट ऑब्जेक्ट (जिचा खर्च वेगळा काढायचा अशी बाब) मानायला सांगते. म्हणजे हा माझा वैयक्तिक हट्ट नाही.

मी हे इतक्या ठामपणे लिहितो, कारण कोकणातल्या एका रसायन कारखान्यात कॉस्टिंग विभागात असताना ओव्हरहेडच्या दराचे परिणाम मी जवळून पाहिले आहेत. तिथे सिस्टीम बसवणाऱ्या सल्लागारांनी बॉयलर, चिलर, कूलिंग टॉवर आणि कॉम्प्रेसर यांचा सगळा खर्च एकत्र करून रिॲक्टर-तासावर वाटला होता. आमची दोन मुख्य उत्पादने होती. पहिल्यात द्रावक उडवून निर्वात ऊर्ध्वपातन करावे लागे. त्याला रिॲक्टर थोडे तास लागे, पण त्या तासांत बॉयलर जवळजवळ पूर्ण भारावर चालत असे. दुसरे उत्पादन साध्या तापमानाला संथ ढवळत ठेवायचे होते. त्याला तास भरपूर, वाफ जवळपास शून्य. पंगतीत पोटभर जेवणाऱ्याचे पैसे शेजारी ताक पिऊन उठणाऱ्याकडून घ्यावेत, तसा तो हिशेब होता. कागदावर ऊर्ध्वपातनाचे उत्पादन स्वस्त दिसू लागले, विक्री विभागाने त्याच आधारावर मोठी ऑर्डर कमी भावात घेतली, आणि ढवळण्याच्या उत्पादनाचे भाव वाढवल्यामुळे त्याचे जुने ग्राहक एकेक करून दुसरीकडे गेले.

मी बैठकीत हे मांडले, तेव्हा सल्लागारांचे उत्तर होते की वाफ मोजता येत नाही, म्हणून ती ओव्हरहेडच आहे. ज्या कारखान्याचा बॉयलर ऑपरेटर दर तासाला वाफेचा प्रवाह, दाब, फीडवॉटरचे तापमान आणि जाळलेला कोळसा लॉगशीटवर लिहितो, तिथे बसून हे वाक्य बोलले गेले याचा मला आजही संताप येतो. मी त्या लॉगशीट आणि बॅचच्या नोंदी शेजारी ठेवून, कोणत्या वेळी कोणता रिॲक्टर तापत होता, ते जुळवले. त्यानंतर व्यवस्थापनाने दोन्ही उत्पादनांच्या ब्लॉकच्या (कारखान्यातल्या विभागांच्या) हेडरवर, म्हणजे मुख्य वाफवाहिनीवर, प्रवाहमापक बसवायला मंजुरी दिली आणि मापकांचे आकडे माझ्या जुळवणीच्या अगदी जवळ आले. ऑर्डरचा भाव पुढच्या नूतनीकरणात सुधारला गेला. गेलेले ग्राहक मात्र परत आले नाहीत.

आता मटेरियल कोडविषयी. वाफेला सेमी-फिनिश्ड (अर्धतयार) माल मानले, तर प्रोसेस ऑर्डर (उत्पादनाचा आदेश) काढावी लागते, उत्पादनाची पावती आणि खपाची नोंद करावी लागते, आणि महिनाअखेरीस जी वाफ कुठेच साठलेली नाही तिचा साठा सिस्टीममध्ये दिसतो. मग कोणीतरी तो शून्य करण्यासाठी समायोजनाची नोंद टाकतो आणि खरा फरक त्या नोंदीत दडपला जातो. पाइपलाइन प्रकारचे (नळातून येणारे, साठा न ठेवता थेट वापरायचे) मटेरियल वापरण्याचा सल्लाही कोणी देईल. पण त्यामागे पुरवठादार लागतो आणि प्रत्येक खपाबरोबर त्याचे देणे उभे राहते. बाहेरून नळाने येणाऱ्या वायूसाठी किंवा पाण्यासाठी ते योग्य आहे. स्वतःच्या बॉयलरसाठी खोटा पुरवठादार उभा करू नये.

ॲक्टिव्हिटी टाइपच्या मार्गात एक अडचण येते, ती आधीच माहीत असावी. रिॲक्टरचा रिसोर्स (सिस्टीममधली त्या यंत्राची नोंद) एकाच कॉस्ट सेंटरला जोडलेला असतो, त्यामुळे बॉयलरचा दर त्यावर थेट लावता येत नाही. बॉयलरसाठी वेगळा दुय्यम रिसोर्स करून तो रेसिपीतल्या फेजला (टप्प्याला) जोडावा. याला काम पडते, आणि सल्लागार हा मार्ग टाळतात त्याचे खरे कारण मला तेच वाटते.

बॉयलरच्या पंख्यांना आणि पंपांना वीज लागते, तर टर्बाइनला वाफ. म्हणून दोघांचे दर एकमेकांवर अवलंबून असतात. समजा बॉयलरचा स्वतःचा खर्च 40 लाख रुपये आणि वाफ 2,000 टन आहे. पॉवरहाउसचा (टर्बाइनने वीज करणाऱ्या विभागाचा) स्वतःचा खर्च 10 लाख आणि वीज 4 लाख युनिट आहे. बॉयलर दहा टक्के वीज घेतो आणि पॉवरहाउस निम्मी वाफ. परस्पर वाटप न करता वाफेचा दर टनाला 2,000 रुपये येतो. दोन्ही समीकरणे एकत्र सोडवली, तर तो सुमारे 2,158 रुपये आणि विजेचा दर युनिटला सुमारे 7.89 रुपये येतो. एसएपीचे पुनरावर्ती दरगणन (दर जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा होणारी गणना) हे काम स्वतः करते, फक्त दोन्ही दिशांचे प्रमाण नियोजनात भरलेले असले पाहिजे. दर स्थिर आणि चल असा विभागून ठेवावा आणि स्थिर भाग सामान्य क्षमतेवर काढावा. नाहीतर मंदीच्या महिन्यात वाफ महाग दिसते आणि उत्पादन विभाग विनाकारण दोषी ठरतो.

एमआरपीबद्दल थोडक्यात सांगतो. दिवसाला किती टन वाफ लागेल हे एमआरपीने सांगितले, तरी नियोजकाला त्याचा उपयोग नाही, कारण त्याची अडचण ताशी टनांची असते: दोन रिॲक्टर एकाच वेळी तापवले, तर बॉयलर पुरेल का? त्यासाठी बॉयलरला मर्यादित क्षमतेचा रिसोर्स मानून तपशीलवार शेड्यूलिंग करावे लागते.

काही मर्यादा सांगायला हव्यात. ब्लॉकच्या मापकांची बेरीज मुख्य मापकाशी कधीच तंतोतंत जुळत नाही. सामान्य गळती वाफेच्या दरात घ्यावी, पण त्यापुढचा तोटा वेगळा दाखवावा, तो ब्लॉकवर वाटू नये. दाबाच्या हवेसारख्या ज्या युटिलिटीचा खप बॅचनुसार मोजणे परवडत नाही, तिथे ब्लॉकपर्यंत मोजून पुढे तासांवर वाटणे मलाही मान्य आहे. परत येणाऱ्या गरम कंडेन्सेटचे (वाफ थंड होऊन झालेल्या पाण्याचे) श्रेय ते परत पाठवणाऱ्या ब्लॉकला द्यावे. आणि आपले टर्बाइन बॅक-प्रेशर असेल, तर वरच्या उदाहरणाप्रमाणे पूर्ण वाफ विजेवर टाकू नये. टर्बाइनमधून बाहेर पडलेली कमी दाबाची वाफ पुढे प्रक्रियेत वापरली जाते, म्हणून विजेवर फक्त दोन्ही दाबांवरील वाफेच्या उष्णतेतील फरकाचा खर्च टाकावा.